रेघाळांची दुसरी वाटणी

मी, जिची सही या कागदाच्या शेवटी आहे, या घराची आणि घरामागच्या अंगणाची मालकीण, वयाने म्हातारी पण अक्कल ठिकाणावर असलेली, हे माझे मृत्युपत्र माझ्याच हाताने, माझ्याच टेबलावर, कोणीही मानगुटीवर बसलेले नसताना लिहीत आहे. यापूर्वी मी लेखी मृत्युपत्र केलेले नाही. तोंडी पुष्कळदा केले आहे, बहुतेक वेळा रागाच्या भरात. तेव्हा ज्याला जे देईन म्हटले किंवा देणार नाही म्हटले, ते सगळे या कागदाने रद्द समजावे.

अक्कल ठिकाणावर असल्याचा दाखला सोबत जोडला आहे. आधी मी तो गुरांच्या डॉक्टरांकडून आणला होता, कारण मला इतकी वर्षं जवळून पाहिलेले डॉक्टर तेवढेच. वकीलबाईंनी तो परत केला. म्हणाल्या, "आजी, माणसांच्या डॉक्टरांचा लागतो." माणसांच्या डॉक्टरांनी मला विचारलं, आज वार कोणता? मी म्हटलं, "उबवायला ठेवलेली अंडी फिरवणं आजपासून बंद." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मग मी म्हटलं, "म्हणजे गुरुवार." दाखला मिळाला.

वकीलबाईंनी दोन नियम सांगितले आहेत. एक, खाडाखोड करायची नाही. मत बदललं तर खोडायचं नाही, खाली नवं कलम लिहायचं. दोन, जो साक्षीदार म्हणून सही करेल त्याला या मृत्युपत्रातून काही मिळणार नाही, साक्षीदाराचे हात रिकामे हवेत. म्हणून गुरांच्या डॉक्टरांना मी काही ठेवलेलं नाही. त्यांनी आजवर माझ्याकडची अंडी पोटभर खाल्ली आहेत, त्यांची काही तक्रार नाही. भाषा कायद्याची ठेवा, असंही बाई म्हणाल्या. ठेवते, जमेल तितकी.

कलम एक. घर.

राहते घर माझ्या मुलास. घरामागचे अंगण, त्यातील खुराडी, पाण्याची टाकी आणि दाण्याची खोली मुलास नाही.

गेल्या खेपेला आला तेव्हा तो अंगणात एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत लांब लांब पावलं टाकत होता. मला वाटलं, व्यायाम करतोय. मग म्हणाला, "आई, इथं सिमेंट घातलं तर दोन गाड्या सहज बसतील." माझ्या हातात तेव्हा फावडं होतं, हे त्याचं नशीब की माझं, देव जाणे. आता तो म्हणेल, "आई, अंगणाशिवाय या घराला गिऱ्हाईक येणार नाही." म्हणूनच, बाळा.

कलम दोन. बँकेतली शिल्लक.

ती सगळी सुनेस, थेट तिच्या नावावर, मुलाच्या हातातून नव्हे. माझी सून या अंगणात एकदाच आली, नाकाला रुमाल लावून, आणि सरळ म्हणाली, "आई, मला हा वास सहन होत नाही, रागवू नका." माझा मुलगा मात्र दर वेळी मोठा श्वास घेऊन म्हणतो, "वा, कसं मोकळं वाटतं इथं," आणि नंतर गाडीत बसून अत्तर लावतो. खरं बोलणाऱ्याला काहीतरी मिळालं पाहिजे, नाहीतर ती सवय सुटते.

कलम तीन. शेजारी.

शेजारचे निवृत्त ग्रंथपाल यांस माझा म्हातारा कोंबडा 'गवई' आणि त्याच्या सोबतीला एक कोंबडी.

या गृहस्थांनी माझ्याविरुद्ध इतके तक्रारअर्ज केले की कचेरीतला कारकून मला नावानं ओळखू लागला. एकदा ते 'शांतता राखा' ही पाटीच घेऊन आले, म्हणे खुराड्यावर लावा. मी म्हटलं, लावते, पण त्याला वाचता येत नाही. मग म्हणाले, पहाटे त्याच्यावर टोपली तरी झाका. मी म्हटलं, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? पण मागच्या वर्षी गवईचा घसा बसला, आठवडाभर तो आरवला नाही, तेव्हा हेच गृहस्थ कुंपणापाशी येऊन उभे राहिले. "बरा आहे ना तो? मला रोज उठायला उशीर होतोय." त्या दिवशीच मी ठरवलं, हा त्यांचा.

कलम चार. माझा धाकटा भाऊ.

त्यास आमच्या वडिलांचे पितळी मुठीचे भिंग. याखेरीज काहीही नाही.

कारण द्यायला कायदा सांगत नाही, असं वकीलबाई म्हणाल्या. पण कारण न देता मृत्युपत्र लिहिण्यात मजा ती काय? हे कलम त्याच्या समोर मोठ्यानं वाचावं, आणि सावकाश वाचावं.

आमचे वडील पेशानं सुतार, पण जीव सगळा रेघाळांत. रेघाळ ही कोंबड्यांची जुनी जात, आमच्या दोन घरांखेरीज आता कुणी शुद्ध पाळत नाही. ती कशी असावी हे कोंबडीपालक संघाच्या मानकात छापलेलं आहे. नराची मान चांदीसारखी पांढरी आणि छाती काळीभोर, तीवर एकही पांढरं पीस चालत नाही. मादीच्या पिसापिसावर बारीक रेघा, एकात एक, मुलाच्या वहीत आखाव्यात तशा. दोघांचे पाय पाटीच्या रंगाचे. एवढं जुळलं तर प्रदर्शनात बक्षीस, नाहीतर घरी जा.

आता गोम ऐका. देखणा नर आणि देखणी मादी एकत्र ठेवली तर देखणी पिल्लं होत नाहीत. नरांच्या छातीवर पांढरे ठिपके येतात, माद्यांच्या रेघा फिसकटतात. काळ्या छातीचा नर हवा असेल तर त्याची आई फिसकटलेलीच लागते. सुबक रेघांची मादी हवी असेल तर तिचा बाप ठिपक्या छातीचाच लागतो. म्हणून खुराडी दोन ठेवायची, वाण दोन ठेवायचे, आणि प्रत्येक खुराड्यात एक देखणं, एक कुरूप. देखणं प्रदर्शनात मिरवतं, कुरूप घरी बसतं, आणि कुरुपाशिवाय देखण्याचं पान हलत नाही. हे मानकात कुठंही छापलेलं नाही. वडिलांनी मला ते एका दुपारी खुराडं साफ करताना सांगितलं आणि वर म्हणाले, "कुणाला बोलू नकोस."

वडील गेले आणि कोंबड्यांच्या वाटणीची वेळ आली. आमच्या घरचा नियम असा की ढीग एकानं करायचे आणि पहिला उचलायचा दुसऱ्यानं, म्हणजे भांडण नको. ढीग मी केले. एका बाजूला सगळ्या देखण्या, नर आणि माद्या, बक्षिसांच्या फितींसकट. दुसऱ्या बाजूला ठिपक्या छातीचे, फिसकटलेल्या, आणि कोपऱ्यात दोन खुडूक कोंबड्या पोटाखालच्या अंड्यांसकट. ती अंडी दोन्ही खुराड्यांतली होती आणि मीच वेचून ठेवली होती, हे मला आणि त्या दोन कोंबड्यांनाच ठाऊक.

माझा भाऊ दोन्ही ढिगांभोवती एक फेरी मारून आला. हात मागं बांधलेले. मग देखण्यांकडे बोट करून म्हणाला, "मी हा घेतो."

जमलेले नातेवाईक चुकचुकले. माझे यजमान त्याच वर्षी गेले होते, पदरात पोर होतं, आणि वाट्याला हे भुतासारखे पक्षी. "सख्खा भाऊ, पण बघा कसा," असं सगळे म्हणाले. मी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं रडतेय. मला हसू आवरत नव्हतं.

पुढच्या वर्षी पहिलं बक्षीस माझ्या नराला आणि पहिलं बक्षीस माझ्याच मादीला. माझ्या भावानं मांडलेली पिल्लं पाहून लोक हसले. तोही हसला. निर्लज्जासारखा. त्याच बक्षिसांवर माझे पक्षी विकले जाऊ लागले, लांबलांबून माणसं यायला लागली आणि माझं घर चाललं. त्यानं कधी विचारलं नाही, ताई, हे कसं केलंस? विचारलं असतं तर मी सांगितलं नसतं, ती गोष्ट वेगळी.

मग महाशय परीक्षक झाले. नाचता येईना ते अंगण तपासायला निघाले. आणि एका प्रदर्शनात, भर मंडपात, माझ्या आयुष्यातल्या सर्वांत देखण्या नराला त्यानं बाद केलं. छातीवर एक पांढरं पीस आहे म्हणाला. एक! मी म्हटलं, "कुठाय? दाखव." तो म्हणाला, "ताई, पंखाखाली, डावीकडे." मी पाहिलंच नाही. मी पिंजरा उचलला आणि घरी आले. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद आहे, आणि या घरात त्याच्या अंगणाचा विषय काढायचा नाही असा माझा दंडक आहे.

म्हणून भिंग. ज्याला दोन ढिगांतला चांगला दिसला नाही, त्यानं यापुढं तरी नीट बघावं.

कलम पाच. रेघाळ.

माझ्याकडील सर्व रेघाळ पक्षी, दोन्ही वाणांचे, अंगणासह कोंबडीपालक संघास.

हे कलम लिहिताना हात जड झाला. संघाचं मला ठाऊक आहे. ते भिंतीवर माझ्या नावाची पाटी लावतील, हार घालतील आणि वर्षभरात देखणा नर देखण्या मादीबरोबर ठेवून जात बुडवतील. खरं तर हे पक्षी जायला हवेत माझ्या भाचीकडे. ती दातांच्या कारखान्यात कवळ्या बनवते. माणसाच्या उरलेल्या दातांशी रंग जुळवायचा म्हणजे पांढऱ्याचे किती पांढरे असतात ते तिला विचारा. पिल्लू हातात घेतलं की ती सांगते, "आत्या, हिच्या रेघा फिसकटणार." आणि फिसकटतात. दर रविवारी येते, खुराडी साफ करते, माझे गुडघे चेपते. पण ती आहे त्याची मुलगी. तिला देणं म्हणजे रेघाळ उचलून त्याच्या दारात नेऊन ठेवणं. ते माझ्या हातून होणार नाही. संघ तर संघ.

कलम सहा.

काल सकाळी ठिपक्या गेला. माद्यांच्या वाणाचा माझ्याकडचा हा शेवटचा नर. त्याचे दोन तरणे मुलगे गेल्या थंडीतल्या साथीत गेले आणि हा म्हातारा तेव्हापासून नुसताच मिरवत होता. अंडी दिव्याला धरून पाहिली, एकातही काही धरलेलं नाही.

सुबक रेघांच्या माद्या आहेत, पण त्यांना जोडीदार नाही. म्हणजे माझ्यामागं म्हणण्याचीसुद्धा गरज नाही, माझ्या डोळ्यांदेखतच अर्धी रेघाळ संपली. वडिलांनी हातात दिलेलं मी अर्धं सांडलं. कायद्याच्या भाषेत याला काय म्हणतात ते मला माहीत नाही. मला वाईट वाटतंय.

कलम सात. हे कलम नाही, पण लिहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

भाची रविवारी आली. मी दोन दिवस घोकलेलं वाक्य एका दमात बोलून टाकलं. "तुझ्या बापाच्या अंगणातून मला एक कोंबडा हवाय."

तिनं हातातला कप खाली ठेवला. "आत्या, तू बाबांचं नाव काढलंस?"

"नाव नाही काढलं. अंगण काढलं. ठिपक्या छातीचा एखादा टाकाऊ नर असेलच त्याच्याकडे. चुका करण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. एक गुपचूप उचलून आण, त्याला पत्ताही लागणार नाही."

"टाकाऊ कशाला? डावीकडचं अख्खं खुराडं ठिपक्यांचं आहे की."

"डावीकडचं म्हणजे?"

"डावीकडे ठिपक्या छातीचे नर आणि बारीक रेघांच्या माद्या. उजवीकडे काळ्या छातीचे आणि फिसकटलेल्या माद्या. पिलांच्या पायात कडीसुद्धा वेगळी, लाल आणि निळी. मी शाळेत होते तेव्हापासून असंच आहे."

मी खुर्चीवर बसले. बसलेलीच होते, पण पुन्हा बसले.

"आणि हे तू मला आज सांगतेस?"

"घ्या! तूच म्हणालीस ना, त्या अंगणाचा विषय या घरात नको म्हणून? पहिल्यांदा आले तेव्हाच मी सांगायला तोंड उघडलं होतं, तू मला दार दाखवलंस!"

दाखवलं होतं. पोरीची चूक नाही.

मी तिला म्हटलं, जा आणि विचार त्याला. पुढच्या रविवारी ती आली ती दारातूनच बोलत आली. "आत्या, आजोबांनी बाबांनाही सांगितलं होतं. खुराडं साफ करताना. आणि वर म्हणाले, कुणाला बोलू नकोस!"

"मग त्यानं देखण्या का उचलल्या?"

"ते आधी सांगेचनात. मग म्हणाले, 'ताईनं ढीग केले तेव्हाच मला कळलं तिला कुठला हवाय. खुडूक कोंबड्या तिकडे ठेवल्या होत्या ना, ताई कधी अंडी अशी टाकून द्यायची नाही. तिचं घर तेव्हा बसलं होतं. मला नोकरी होती. मी नुसतं घे म्हटलं असतं तर तिनं घेतलं असतं का? दिलेलं ती हातात धरत नाही. जिंकलेलंच घेते.'"

मी उगाच सुपातले दाणे निवडायला घेतले.

"आणि परीक्षक का झाले माहितीये? दोन्ही वाण त्यांनी पुन्हा उभे केले होते, चांगले पक्षी निघायला लागले होते. परीक्षकाला स्वतःचे पक्षी मांडता येत नाहीत. नाहीतर एक ना एक वर्षी तुझ्यासमोर मांडावे लागले असते."

"आणि ते पांढरं पीस?"

भाची जरा घुटमळली. "ते म्हणाले, ते होतंच."

कलम आठ. मन बदलल्याबद्दल.

माझी फसवणूक झाली आहे, हे मी येथे नमूद करते. इतकी वर्षं मी ज्या माणसाला मूर्ख समजून सुखानं झोपत होते, तो मूर्ख नव्हता. मी पदराआड हसत होते तेव्हा तो हात मागं बांधून हसत होता. माझी चलाखी त्यानं ओळखली, माझा विजय त्यानं मला काढून दिला, आणि वर माझं भांडणसुद्धा गेलं. सोनं गेलं तर चौकीवर तक्रार देता येते. जन्माचं भांडण गेलं तर माणसानं कुठं जायचं?

दोन दिवस मी चिडलेली होते. तिसऱ्या दिवशी खुराड्यात गेले आणि रडले. कोंबड्यांना त्याची सवय नाही, दाणे टाकते आहे असं समजून सगळ्या भोवती गोळा झाल्या. मग दाणे टाकावे लागले.

सबब, कलम चारमधील भिंग भावास देऊ नये. त्याला सगळं आधीच दिसतं. ते भाचीस द्यावे. कलम पाच पूर्ण रद्द. संघानं हाराचा खर्च वाचवावा.

कलम नऊ. दुसरी वाटणी.

माझ्या रेघाळांचे मी दोन ढीग केले आहेत. डावीकडे सगळ्या कुरूप, उजवीकडे सगळ्या देखण्या, पूर्वी केले होते अगदी तसेच. खुडूक कोंबडी या खेपेला कुठल्याच ढिगात नाही, ती मी स्वयंपाकघरात ठेवली आहे. पहिला ढीग माझ्या धाकट्या भावानं उचलावा. उरलेला ढीग अंगणासह भाचीस.

तो काय उचलेल याची मला फार उत्सुकता आहे. काहीही उचललं तरी त्याच्या मुलीशी बोलल्याशिवाय माझ्या या पक्ष्यांपासून दोघांनाही धड पिल्लू मिळायचं नाही, एवढी तजवीज केली आहे. आमच्यासारखं गप्प बसून जमणार नाही. रेघाळ टिकायची असेल तर भांडावं लागेल, पण बोलून.

भाचीस विक्रीबाबत दोन गोष्टी. गिऱ्हाईक येतं आणि फितीवाला नर, फितीवाली मादी बघून म्हणतं, "हा जोडा द्या." त्याला खरं सांगावं की या जोड्याची पिल्लं वाईट निघतील, त्याऐवजी ही फिसकटलेली ने. त्याला वाटेल आपण नको तो माल गळ्यात मारतोय. वाटू दे. तीनदा सांगूनही जोडाच मागितला तर जोडा द्यावा आणि पुढच्या वर्षी तो परत येईल तेव्हा हसू नये. निदान त्याच्या तोंडावर हसू नये. आणि जो माणूस पक्षी हातात न घेता लांबूनच विकत मागतो, त्याला विकू नये. रेघाळ भिंतीवर टांगायची वस्तू नाही.

कलम दहा. हे कलम तो समोर बसलेला असताना लिहीत आहे.

मी भाचीकडून निरोप पाठवला होता, मृत्युपत्रावर सह्या व्हायच्या आहेत, तुला यायचं तर ये, नाहीतर नको. आज सकाळी फाटक वाजलं. काखेत टोपली आणि टोपलीवर फडकं. केस सगळे पांढरे झालेत त्याचे. माझेही झालेत, पण ते मी रोज बघते.

माझ्याकडे न बघता तो आधी खुराड्याकडे गेला. सगळे पक्षी पाहिले. मग म्हणाला, "ताई, आज पाणी बदललेलं नाहीस."

"आल्या आल्या सुरू झालास?"

"हिरवं झालंय म्हणून म्हटलं."

"तुझीच वाट बघत बसले होते, म्हणून राहिलं!" हे तोंडातून निघून गेलं आणि मग परत घेता येईना.

त्यानं टोपलीवरचं फडकं काढलं. आत ठिपक्या छातीचा तरणाबांड नर, पाय पाटीच्या रंगाचे, डोळ्यांत मस्ती. पायात लाल कडं. "देत नाहीये," तो घाईघाईनं म्हणाला. "उसना आहे. काम झालं की परत हवा."

मी त्याला कलम नऊ वाचून दाखवलं. त्यानं खाली बघत ऐकलं.

सह्यांची वेळ आली तेव्हा घोटाळा उघडा पडला. एक साक्षीदार गुरांचे डॉक्टर, ते हजर. दुसरे म्हणून मी शेजारच्या ग्रंथपालांना बोलावलं होतं, आणि ते इस्त्रीचा सदरा घालून आलेही होते. वकीलबाई म्हणाल्या, "यांना कोंबडा मिळतोय, हे सही करू शकत नाहीत." ग्रंथपालांनी क्षणभरसुद्धा विचार केला नाही. "मग सही राहू दे," म्हणाले, "कोंबडा राहू दे." आता दुसरा साक्षीदार कुठून आणायचा? भाचीला अंगण आणि ढीग मिळतोय, तिचा प्रश्न नाही.

माझ्या भावानं वकीलबाईंना विचारलं, "जो सही करतो त्याला यातलं काही मिळत नाही?"

"नाही."

"काही म्हणजे काहीच नाही?"

"काहीच नाही. जे मिळणार असतं ते बाकीच्यांकडे जातं."

तो उठला. दोन्ही ढिगांभोवती एक फेरी मारून आला. हात मागं बांधलेले. काळ्या छातीच्या एका नरापाशी जरा जास्त वेळ थांबला, ते मी पाहिलं. मग टेबलापाशी आला आणि वकीलबाईंच्या हातातल्या पेनाकडे बोट करून म्हणाला, "मी हा घेतो."

"गाढवा," मी म्हटलं, "पुन्हा तेच करतोयस?"

"तेव्हा तुला न सांगता केलं," तो म्हणाला. "म्हणून इतकी वर्षं मला मूर्ख समजलीस. या वेळी तुझ्या समोर करतोय."

भाची भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. गुरांच्या डॉक्टरांना एकदम कुठल्याशा कोंबडीचा पंख तपासायची आठवण झाली. मी रागानं लाल झाले होते, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि दोन्ही एकाच वेळी होत असल्यामुळे मला नीट ओरडताही येईना.

सबब, माझ्या भावाने साक्षीदार होणे पसंत केल्यामुळे कलम नऊमधील त्याचा हक्क संपला. दोन्ही ढीग, दोन्ही वाण, दोन्ही खुराडी आणि अंगण भाचीस. ती दर रविवारी इकडे येतेच. तिच्या बापानेही यावे आणि माझ्या चुका काढाव्यात. हे मी मेल्यावर नव्हे, येत्या रविवारपासून.

आणखी एक. टोपलीतला तो नर उसना नाही. मी त्याला माद्यांच्या खुराड्यात सोडला आहे आणि परत करणार नाही. जिंकलेला नाही, विकत घेतलेला नाही. माझ्या भावानं दिला आणि मी घेतला, असं साक्षीदारांसमोर लिहून देते.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, मध्ये दोनदा नाक पुसून पूर्ण केले आहे.

स्थळ: घरामागचं अंगण, पाण्याच्या टाकीजवळ (पाणी बदललं आहे)
दिनांक: ९ मार्च, रविवार

मृत्युपत्र करणारी:
(सही) ताई, आई, आत्या. तक्रारअर्जांत 'सदर बाई'

साक्षीदार पहिले:
(सही) गुरांचे डॉक्टर

साक्षीदार दुसरा:
(सही) धाकटा भाऊ, परीक्षक

दुसऱ्या साक्षीदाराचा शेरा, स्वहस्ते: सर्व पक्षी पाहिले. देखणे मानकात बसतात, एक सोडून. उजव्या ढिगातल्या मोठ्या नराच्या छातीवर, पंखाखाली डावीकडे, एक पांढरं पीस आहे.

मृत्युपत्र करणारीचे उत्तर, स्वहस्ते: भिंग घेऊन पाहिलं. आहे.